टिटवीची अंडी आणि निःपक्षपाती अस्वल

बाळांनो, एका जंगलात एक तळं होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. नकाशात ते सापडणार नाही, आणि सापडलंच तर मला नोटीस येईल.

त्या तळ्याच्या काठी सगुणा नावाची एक टिटवी राहत होती. टिटवी माहीत आहे ना? लांब पिवळे पाय, डोळ्यांपुढे लाल कातडी, आणि आवाज असा की पलीकडच्या गावातलं तान्हं मूल दचकून उठावं. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. जमिनीवर चार खडे सारखे करते आणि तिथंच अंडी घालते. वैशाखाच्या उन्हात ती भाजून निघू नयेत म्हणून पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. दिवसभर अशा खेपा चालतात. एवढं मात्र खरं आहे हं. बाकीची गोष्ट मी रचलेली आहे.

तर एका वर्षी सगुणाची चारही अंडी नासली. शेजारणींचीही नासली. सगळ्या काठावर एकाही टिटवीच्या घरी पिल्लू झालं नाही.

तिचा नवरा नारबा म्हणाला, "सगुणे, आपण आपलं दुसऱ्या तळ्यावर जाऊ."

"आणि तिथंही नासली तर?"

"तर तिसऱ्या तळ्यावर जाऊ."

"मला आधी कळायला हवं, का नासली ते," सगुणा म्हणाली. नारबानं मान हलवली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याला ठाऊक होतं.

आता हे कळायचं कसं? त्यासाठी संशोधन करावं लागतं. आणि संशोधनासाठी, मुलांनो, जंगलात एक समिती होती.

समिती कशी झाली ते सांगतो. वाघमहाराज एकदा शेजारच्या जंगलात लग्नाला गेले होते. पंगतीत कोणीतरी विचारलं, "तुमच्याकडे संशोधनाचं कसं काय?" महाराजांना वाटलं, हा काहीतरी चटणीचा प्रकार असावा. "भरपूर आहे की!" ते म्हणाले. घरी आल्यावर खरा अर्थ कळला. मग इभ्रतीचा प्रश्न आला आणि आठ दिवसांत अनुदान समिती उभी राहिली. मधमाश्यांकडून निम्मा मध घ्यायचा आणि जे शोध लावतील त्यांना तो द्यायचा, असं ठरलं. मधमाश्यांना कोणी विचारलं नाही.

मध वाटायला अध्यक्ष म्हणून नेमलं अस्वलदाजींना. दोन-चार ससे कुजबुजले. महाराज म्हणाले, "मधातलं सगळ्यात जास्त कोणाला कळतं?"

दुसरे सभासद गवाअण्णा. ते आकारानं एवढे होते की त्यांना वगळायचं म्हटलं तरी वगळता येत नव्हतं. तिसऱ्या घुबडआत्या. त्या फार विद्वान, पण बैठका भरदिवसा, त्यामुळे त्या झोपलेल्या असायच्या. झोपेत त्यांची मान उजवीकडे वळली की अर्ज मंजूर आणि डावीकडे वळली की नामंजूर, असं धरत. अर्ज गोळा करायला वामन नावाचा एक शेकरू होता.

अर्ज पळसाच्या पानावर, बिब्ब्याच्या शाईनं लिहायचे. बिब्बा का, तर तो पुसता येत नाही. मंजूर अर्ज नंतर कोणी बदलू नये, अशी दक्षता.

होळी झाली तशी सगुणानं अर्ज केला. तिची मागणी अगदी साधी होती. द्रोणभर मध हवा. तो दोन बगळ्यांना द्यायचा. बगळ्यांनी हंगामभर तळ्यात चारी अंगांनी उभं राहून पाणी पाहायचं, चाखायचं आणि काय आढळतं ते सांगायचं.

मुलाखतीला बोलावणं आलं. अस्वलदाजींनी अर्ज वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला.

"याआधी कधी अनुदान मिळालंय?"

"नाही दाजी."

"मग कसं देणार बाई? ज्यांना कधी मिळालेलं नाही, त्यांना आम्ही देत नाही. नियम आहे."

"मग मोराला कसं मिळालं?"

कुसुमाकर नावाच्या एका मोराला सगळ्यात मोठं पोळं मिळत असे. त्याच्या संशोधनाचा विषय होता, 'माझ्या पिसाऱ्यातले डोळे कोणाकडे पाहतात?'

"कुसुमाकररावांना दोनदा मिळालेलं आहे, म्हणून यंदा तिसऱ्यांदा देतोय," दाजी म्हणाले.

"पण समिती होऊन एकच वर्ष झालंय!"

दाजींनी कान खाजवला. "त्यांना आम्ही दुसऱ्यापासून सुरू केलं," ते म्हणाले.

घुबडआत्यांची मान डावीकडे वळली. त्या वर्षीही अंडी नासली.

सगुणा टिटवी होती. टिटवीला गुपचूप दुःख करता येत नाही. तिनं तळ्याभोवती फिरून एवढा आरडाओरडा केला की ससे आले, साळिंदरं आली, घोरपडी आल्या. यांतल्या प्रत्येकाचा अर्ज कधी ना कधी फेटाळला गेला होता. घोरपडीला तर 'जमिनीलगत विचार करतात' असा शेरा मिळाला होता. सगळे मिळून महाराजांच्या गुहेपुढे जाऊन बसले.

महाराज झोपमोड झाल्यानं चिडले होते. तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाजींना बोलावलं. "हे काय चाललंय? निःपक्षपातीपणा पाहिजे! सगळ्या जंगलात आपल्याइतकं निःपक्षपाती कोणी असता कामा नये!"

दाजी खरोखरच कामाला लागले. त्यांना दोष देऊ नका, मुलांनो. अस्वल मनानं वाईट नव्हतं, फक्त त्याला मध आवडायचा.

पुढच्या होळीला नवे नियम आले. अर्जावर नाव लिहायचं नाही. ससे आनंदानं उड्या मारू लागले.

पण पहिलाच अर्ज हातात घेऊन गवाअण्णा म्हणाले, "हा मोराचा. वास येतोय."

खरंच की! जंगलात कोणी कोणाला नावानं थोडंच ओळखतं? सगळे वासावरच ओळखतात. मग तिन्ही सभासद नाकात चिखल भरून बसले. तोंडानं श्वास घेत, घुरघुर करत बैठक सुरू झाली.

"हा मोराचा," गवाअण्णा पुन्हा म्हणाले. "नखाचं वळण ओळखीचं आहे."

मग असं ठरलं की सगळ्या अर्जांच्या नकला वामन शेकरूनं आपल्या अक्षरात करायच्या. सभासद तीन, म्हणून नकलाही तीन. ज्याचं पान जेवढं, तेवढ्याच पानावर नक्कल करायची, म्हणजे कोणावर अन्याय नको. वामनानं आठ दिवस बिब्बे फोडले. त्याच्या बोटांना फोड आले.

"हा मोराचाच," गवाअण्णा म्हणाले. "इथं पिसारा लिहिलंय."

दाजी विचारात पडले. "खरं आहे. पिसारा वाचलं की मला मोर दिसतो. मोर दिसला की तो पावसाळ्यात माझ्या गुहेपुढे नाचला होता ते आठवतं. माझं मन कलुषित होतं. वामन, विषय झाक."

वामनानं विषयावर चिखल फासला.

"उद्देश वाचूनही कळतंय."

वामनानं उद्देशावर चिखल फासला.

"काम कसं करणार, ते इथं लिहिलंय. 'मी नाचेन,' असं म्हणतोय. कळतंच ना!"

त्यावरही चिखल फासला. शेवटी 'आपला नम्र' एवढंच उरलं. त्यातून अर्जदार नर आहे हे कळत होतं, म्हणून तेही झाकलं. आता समोर चिखलानं माखलेल्या पानांचे ढीग होते. दाजींना फार समाधान वाटलं. "आता संशयाला जागा नाही," ते म्हणाले. "वाचायलाच काही नाही म्हटल्यावर पक्षपात करणार कशाचा?"

"मग निवड कशी करायची?" वामनानं विचारलं.

सगळे पानांकडे बघत बसले. बाकी सगळी पानं पळसाची होती. एक पान सागाचं होतं, सुपाएवढं.

"याचा आवाका मोठा दिसतो," गवाअण्णा म्हणाले.

घुबडआत्यांची मान उजवीकडे वळली. अनुदान कोणाला मिळालं ते समारंभात जाहीर झालं, तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य दाजींनी व्यक्त केलं. "बघा! नाव, गाव, वास, विषय, काही माहीत नसताना पुन्हा कुसुमाकररावच! याला म्हणतात गुणवत्ता."

तिसऱ्या वर्षीही अंडी नासली. एक अंडं सगुणानं चोचीनं हलवून पाहिलं. आत पाण्यासारखं काहीतरी डुचमळलं. ती त्या दिवशी ओरडली नाही, नुसती बसून राहिली. नारबानं तिच्याजवळ एक गांडूळ आणून ठेवलं. तेही तिनं खाल्लं नाही.

महाराजांच्या गुहेपुढे पुन्हा गर्दी झाली. महाराज आता पुरते वैतागले. "सगळ्यांना द्या! सारखं द्या! कोणाचं तोंड बंद होत नाही!"

म्हणून चौथ्या वर्षी सगळ्यांना सारखं अनुदान मिळालं. दोनशे बारा अर्ज आले होते. प्रशासनाच्या खर्चासाठी दाजींनी अकरा पोळी बाजूला ठेवली. त्यांचं प्रशासन दिवसेंदिवस वाढत होतं. आता ते गुहेच्या दारातून आडवं होऊन आत शिरायचं. बारावं पोळं दोनशे बारा जणांत वाटायचं ठरलं. वामन काडी मधात बुडवायचा आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडाला एकेक थेंब लावायचा. आधी नुसती तोंडाला पानं पुसत, आता मध पुसला, एवढीच काय ती सुधारणा.

मध जुना आणि घट्ट होता. सगुणाची चोच चिकटली. सशांचे ओठ चिकटले. घोरपडीची जीभ आत गेली ती बाहेर येईना. जंगलात प्रथमच संपूर्ण शांतता पसरली. महाराज म्हणाले, "न्याय झाला वाटतं."

सगळे तोंड धुवायला तळ्यावर धावले. काठावर पाय ठेवायला जागा उरली नाही. त्यात समितीनं फर्मान काढलं, की मिळालेला मध कशासाठी वापरला याचं उपयोगिता प्रमाणपत्र तीन प्रतींत द्यावं, आणि ते तपासायची जागा तळ्याकाठीच. ती रांग महिनाभर हटली नाही.

इकडे ऊन रणरणत होतं आणि सगुणाची नवी चार अंडी तापत होती. तळ्यात पोट भिजवायला जावं तर रानडुकरं आडवी. मग ती चिकटलेल्या चोचीनंच उडाली आणि टेकडीमागच्या झऱ्यावर गेली. झरा करंगळीएवढा होता. तिनं चोच धुतली, पोट भिजवलं आणि परत येऊन अंड्यांवर बसली. दुसऱ्या खेपेलाही तेच. नारबाही झऱ्यावर जाऊ लागला. लांब पडायचं, पण रांगेत उभं राहण्यापेक्षा बरं.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहिल्या अंड्याला तडा गेला.

सगुणानं नारबाला हाक मारली, आणि बाळांनो, ती टेकडीपलीकडे ऐकू गेली. आतून इवलीशी चोच दिसत होती. मग दुसरं अंडं फुटलं, मग तिसरं. संध्याकाळपर्यंत चार पिल्लं लटपटत उभी होती. सगुणा रडली. टिटव्या रडत नाहीत असं पुस्तकात लिहिलेलं असेल, पण ही रडली.

"झालं एकदाचं," नारबा म्हणाला. "आता तरी स्वस्थ बस."

"शेजारणींची नासलीच ना! त्या तळ्यावरच जात होत्या." सगुणानं डोळे पुसले. "म्हणजे पाण्यातच काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी ती तळ्याच्या वरच्या अंगाला गेली. तिकडे सहसा कोणी जात नसे. तिथं बघते तो पानांचा डोंगर! चार वर्षांचे अर्ज, त्यांच्या तीन-तीन नकला आणि आता उपयोगिता प्रमाणपत्रं. वामन शेकरू पाटीवर पाटी आणून पाण्यात ओतत होता. पानं कुजली होती आणि त्यांच्यातला बिब्ब्याचा चीक काळ्या तेलासारखा पाण्यावर तरंगत होता. सगुणानं पाय घातला तर संध्याकाळी पायाला फोड आला.

तिनं समितीपुढे जाऊन सगळं सांगितलं. अर्ज पाण्यात टाकू नका, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"हा शोध कोणत्या अनुदानातून लावलात?" दाजींनी विचारलं.

"कोणत्याच नाही. मी स्वतःच पाहिलं."

"अनुदानाशिवाय लागलेला शोध आम्हाला धरता येत नाही."

"दाजी, एक थेंब मध दिला होता आपण," वामन हळूच म्हणाला.

"असं? मग शोध समितीचा," दाजी खूश झाले. "पण मग तो तपासावा लागेल. काय बाई, चारही अंड्यांना झऱ्याचंच पाणी दिलंत?"

"हो."

"दोन अंड्यांना तळ्याचं पाणी का दिलं नाही? ती नासली असती तर तुलना करता आली असती."

"अहो, ती माझी पिल्लं आहेत!" सगुणा ओरडली.

"अर्जदार भावनिक," गवाअण्णांनी शेरा लिहिला. "दोन गुण वजा."

तरीही विषय महत्त्वाचा आहे, हे समितीनं मान्य केलं. 'टिटवीची अंडी का नासतात?' या विषयावर मोठं अनुदान जाहीर झालं. यंदा अनुभवी संशोधक हवा होता, म्हणून ते कुसुमाकररावांना मिळालं. अभ्यास पुरा होईपर्यंत तळ्याची स्थिती आहे तशीच राहावी, म्हणून अर्ज टाकणं चालू ठेवायचं, असंही ठरलं.

पंधरा दिवसांत अहवाल तयार झाला. तळ्याकाठी समारंभ झाला. महाराज आले. कुसुमाकररावांनी पिसारा फुलवून वाचायला सुरुवात केली. "गेल्या चार वर्षांत या तळ्याकाठी टिटवीचं एकही पिल्लू जन्माला आलेलं नाही."

तेवढ्यात सगुणाची चार पिल्लं मोराच्या पायांमधून पळत गेली. एकानं त्याच्या पिसाला चोच मारून पाहिली. सभेत खसखस पिकली.

"ही कोणाची?" महाराजांनी विचारलं.

"माझी!" सगुणा पुढे आली.

दाजींनी दोन्ही पंजांनी डोळे झाकून घेतले. "नाव सांगू नका! कोणाची ते कळलं तर मला निःपक्षपातीपणे विचार करता येणार नाही!"

त्या गडबडीनं घुबडआत्यांना जाग आली. चार वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी गोल डोळ्यांनी पिल्लांकडे पाहिलं, मग अहवालाकडे पाहिलं. "अहवालात आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाहीत," मोर म्हणाला.

"मग जी जन्मलीच नाहीत त्यांनी सभेत गोंधळ घालू नये," आत्या म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या.

सगुणा महाराजांकडे बघत राहिली. महाराज टाळ्या वाजवायच्या बेतात होते. नारबानं तिच्या पंखाला पंख लावला. "चल सगुणे," तो म्हणाला. ती पिल्लांना घेऊन टेकडीपलीकडे झऱ्यावर राहायला गेली. तिच्या मागोमाग शेजारणीही गेल्या. त्यांना अहवाल कळला नव्हता, पण पिल्लं दिसली होती. आठवडाभरात तळ्याकाठी एकही टिटवी उरली नाही.

पुढच्या वैशाखात कुसुमाकररावांनी तळ्याकाठी पाहणी केली. एकही नासलेलं अंडं सापडलं नाही. अंडी नासण्याचं प्रमाण शून्यावर आल्याबद्दल महाराजांनी समितीचा सत्कार केला, आणि त्या समारंभाला यायची इच्छा असणाऱ्यांनी तीन प्रतींत अर्ज करावा, असं वामनानं दवंडी पिटून सांगितलं.

तात्पर्य: प्रयत्नांती परमेश्वर, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. ते वहीत नीट लिहून घ्या, त्यावर गुण असतात. पण शोध लावायचा असेल, तर अर्ज करण्याआधीच लावून टाका. आणि जन्माला यायचं असेल, तर अहवाल वाचून होण्याआधी समितीकडे नोंद करा. नोंद करताना नाव मात्र लिहू नका.